सायकलीच्या मुठीचें वय

पावसाळा सरला, कीं लोणावळ्याकडील घरांत माळे आवरण्याचें काम निघतें. तुंगार्लीच्या एखाद्या जुन्या घरीं अशा आवराआवरींत गोणपाटाखालून आजोबांची सायकल बाहेर आली, असें उदाहरणादाखल समजावें. चिमटा गंजलेला, टायरांचें रबर विरलेलें, सीटचें कातडें सुकून वर वळलेलें. पण सांगाडा मात्र ताठ. घरांतील तरुण नातवाला ती पुन्हां उभी करण्याची हौस वाटते. तो ती दुरुस्तीला नेतो, आणि दुकानांत पहिल्या पांच मिनिटांतच हँडलच्या टोंकांवरील तडकलेल्या, पिवळट पडलेल्या दोन मुठी सुरीनें उभ्या चिरून काढल्या जातात. त्यांच्या जागीं नव्या, चकचकीत मुठी बसतात. कोणालाच वाईट वाटत नाहीं. परंतु त्या सायकलीच्या पूर्वायुष्याविषयीं बोलूं शकणारा एक साक्षीदार त्या पांच मिनिटांत केरांत गेलेला असतो.

मूठ, अथवा दुकानांत जिला ग्रिप म्हणतात ती, सायकलीच्या सर्व अवयवांत क्षुद्र मानली जाते. किंमत थोडी, बदलणें सोपें. त्यामुळें तिच्याविषयीं दोन परस्परविरुद्ध गोष्टी एकाच वेळीं खऱ्या ठरतात. एक अशी, कीं सायकलीवर आज दिसणारी मूठ कारखान्यांतून आलेलीच असेल, अशी खात्री कधींच देतां येत नाहीं. दुसरी अशी, कीं मूठ स्वतः केव्हां जन्मली, हें ती सांगाड्यापेक्षां अधिक मोकळेपणानें सांगते. सळईच्या ब्रेकची, काळ्या रंगाची, उभ्या बांध्याची विलायती सायकल १९१० सालीं जशी दिसे, जवळजवळ तशीच ती १९६० सालींही दिसे. आणि आपल्याकडील कारखान्यांनीं तोच घाट पुढें चालविला. सांगाडा पन्नास वर्षें तसाच राहिला. मूठ ज्या द्रव्याची करीत तें द्रव्य मात्र दर पिढीला बदलत गेलें. म्हणून मुठीची परीक्षा ही प्रथम द्रव्याची परीक्षा आहे, आकाराची नंतर.

आरंभ लांकडापासून झाला. १८६० नंतरच्या दशकांत पॅरिसच्या मिशो यांच्या कारखान्यांतून ज्या लोखंडी दुचाकी बाहेर पडल्या, त्यांच्या दांड्याच्या टोंकांना लेथवर कांतलेल्या लांकडी मुठी असत. पुढें एक चाक अजस्र आणि एक चिमुकलें, अशी उंच सायकल आली. तिच्या मुठी शिंगाच्या, कठीण लांकडाच्या, किंवा व्हल्कनाइट या कडक रबराच्या करीत. त्यांचा घाट बहुधा टोंकाकडे फुगीर असे. कांहींचा फावड्याच्या मुठीसारखा आडवा असे. आपल्याकडे अशा मुठी क्वचित् दिसतात. पण ज्या दिसतात त्यांच्यांत शिंग आणि व्हल्कनाइट यांची गल्लत होते, म्हणून दोन शब्द सांगणें अवश्य आहे. शिंग थरांथरांनीं वाढतें. उजेडाकडे धरून पाहिल्यास त्यांत लांबट तंतूंच्या छटा दिसतात, आणि जुन्या शिंगाला कीड लागून बारीक भोंकें पडलेलीं आढळतात. रबराच्या वाटेला ही कीड जात नाहीं. व्हल्कनाइट म्हणजे पुष्कळ गंधक घालून कडक केलेलें रबर. मऊ रबर गंधकानें पक्कें करण्याची युक्ति अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर याला १८३९ सालीं साधली, त्याच युक्तीचें हें पुढचें पाऊल. तें अंगठ्यानें जोरानें चोळून ऊन केलें, तर गंधकाचा वास येतो. उन्हांत राहिलेलें व्हल्कनाइट आपला काळेपणा टाकून हिरवट तपकिरी होतें. जुन्या एबनाइटच्या फाउंटनपेनाची टोपी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना हा रंग निराळा सांगावयास नको. दोन्ही द्रव्यें एकच.

१८८५ सालीं कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली यानें रोव्हर नांवाची, दोन्ही चाकें सारख्याच बेताचीं असलेली सायकल केली, आणि १८८८ सालीं डनलॉप यानें हवा भरलेल्या टायरचा हक्क नोंदविला. त्याच १८८८ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवीं सायकलीचें दुकान काढलें. नांगर व पंप करणाऱ्या पुढच्या प्रख्यात कारखान्याचें मूळ या दुकानांत आहे, ही गोष्ट मराठी वाचकांस परिचित आहेच.

या नव्या सायकलीवर हात लांब वेळ टेकून राहूं लागला आणि मुठीला आरामाची गरज भासली. मग बुचाच्या लांकडाच्या मुठी आल्या. बूच हलकें, हाताला गरम वा गार न लागणारें, आणि घामानें निसरडें न होणारें. १८९० नंतर पुष्कळ वर्षें चांगल्या सायकलीची खूण म्हणजे बुचाची मूठ आणि तिच्या टोंकांना धातूचीं कडीं, असें समीकरण होतें. कातड्याच्या मुठीही त्याच काळच्या. बूच कालांतरानें भुसभुशीत होऊन झडतें. म्हणून जुन्या सायकलीवर पुष्कळदां मूठ जाऊन नुसतें कडें तेवढें दांड्यावर गंजून चिकटलेलें राहतें. तें कचरा म्हणून काढून टाकूं नये. त्यावरचा मुलामा पाहावा. निकेलचा मुलामा किंचित् पिवळसर, उबदार झांक देतो. क्रोमियमचा निळसर, थंड आणि आरशासारखा. सायकलींवर क्रोमियम आला तो १९३० च्या सुमारास. त्यापूर्वीं निकेलचेंच राज्य होतें. १९१० ची म्हणून विकावयास आणलेल्या सायकलीच्या मुठीवर क्रोमियमचें कडें असेल, तर तें कडें तरी मागाहूनचें, एवढें निश्चयानें म्हणतां येतें.

आतां सेल्युलॉइडकडे वळावें. तुंगार्लीच्या माळ्यावरून निघालेल्या सायकलीच्या मुठी बहुधा याच द्रव्याच्या असणार, आणि सर्वांत अधिक घोटाळा व सर्वांत अधिक नाश याच मुठींचा होतो. अमेरिकेंत जॉन वेस्ली हायट या गृहस्थानें बिलियर्डच्या चेंडूंसाठीं हस्तिदंताला पर्याय शोधतां शोधतां १८७० सालीं हें द्रव्य करण्याचा हक्क मिळविला. कापूस किंवा कागद नायट्रिक आम्लांत मुरवून जें नायट्रोसेल्युलोज होतें, त्यांत कापूर मिसळला, कीं सेल्युलॉइड तयार होतें. हा कापूर म्हणजे आपल्या देवापुढें आरतींत जळतो तोच. त्या काळीं जगाच्या कापराचा मोठा भाग फॉर्मोसा बेटांतून येई, आणि १८९९ पासून त्याचा मक्ता जपानी सरकारच्या हातीं होता. आपल्या आज्यांच्या पिढीच्या फण्या, बांगड्या आणि लहान मुलांच्या पोकळ बाहुल्या सेल्युलॉइडच्याच असत. सायकलीवर तें पंपाच्या नळ्यांना, मडगार्डांना आणि मुठींना वापरीत. कॉव्हेंट्रीजवळील वुल्स्टन येथील ब्लूमेल यांचा कारखाना सेल्युलॉइडच्या पंपांविषयीं व मडगार्डांविषयीं प्रसिद्ध होता.

सेल्युलॉइडची मूठ हाताला कडक लागते, नखानें टिचकी मारल्यास कोरडा, पोकळ आवाज देते. साध्या सायकलीवर ती बहुधा काळी असे. शौकिनांच्या सायकलीवर हस्तिदंती किंवा कांसवाच्या पाठीसारख्या ठिपक्यांची. हस्तिदंती रंगाच्या मुठींत पुष्कळदां बारीक समांतर रेघा दिसतात. खऱ्या हस्तिदंताची नक्कल साधावी म्हणून पातळ थर एकावर एक दाबून त्या मुद्दाम आणलेल्या असतात. खऱ्या हस्तिदंतांत आडव्या काप्यावर एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी असते. ती सेल्युलॉइडमध्यें नसते. सायकलीची मूठ हस्तिदंताची आहे असें सांगून किंमत वाढविणारा विक्रेता भेटला, तर भिंगाखालीं एवढें पाहावें आणि पुढच्या वाटाघाटी बंद कराव्या.

ओळखण्याची खरी खूण म्हणजे वास. मूठ कोरड्या फडक्यानें अर्धा मिनिट जोरानें घासावी आणि लगेच हुंगावी. कापराचा मंद गोड वास आला, तर शंका उरत नाहीं. येथें एक इशारा मात्र कडकपणें दिला पाहिजे. तापलेली सुई टोंचून वास घेण्याची रीत कांहीं जाणकार सांगतात. सेल्युलॉइड हें जुन्या चित्रपटाच्या फितीइतकेंच भडकून पेटणारें द्रव्य आहे. तापलेल्या सुईनें परीक्षा करणारानें मूठ, फडकें व कदाचित् आपलीं बोटेंही जाळून घेतलीं, तर त्यांत द्रव्याचा दोष नाहीं. घासून जें कळतें त्यासाठीं आग लागत नाहीं.

हें द्रव्य म्हातारें कसें होतें, तेंही सांगितलें पाहिजे, कारण वयाची खूण तेथेंच आहे. कापूर हळूहळू उडून जातो. मग मूठ आकसते, पिवळी पडते आणि आंतल्या आंत कांचेसारखी बारीक बारीक तडकते. यापुढची अवस्था वाईट. सेल्युलॉइड कुजूं लागलें, कीं त्यांतून आम्लाच्या वाफा निघतात, वास गोडाचा आंबट-तिखट होतो आणि शेजारचें लोखंड गंजूं लागतें. दमट हवेंत व कोंडलेल्या जागेंत हें लवकर घडतें. लोणावळ्याचा पाऊस आणि पत्र्याची बंद पेटी, या जोडीइतका सेल्युलॉइडचा दुसरा वैरी नाहीं. म्हणून कोकणपट्टींत व घाटमाथ्यावर जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी देशावरच्यापेक्षां कमी सांपडाव्या, हें स्वाभाविक आहे.

सेल्युलॉइडच्या बरोबरीनें मऊ रबराची मूठही चालू होती. इंग्लंडांत लेस्टर येथील रबराच्या कारखान्याचा 'जॉन बुल' हा छाप आपल्याकडील जुन्या सायकलस्वारांना पंक्चरच्या पेटीमुळें ठाऊक होता. त्याच छापाच्या मुठीही येत. रबराच्या मुठीवर बोटांसाठीं खोबणी किंवा बारीक चौकट्या काढणें सोपें, म्हणून अशी उठावदार नक्षी बहुधा रबराची. वय झालें, कीं रबर कडक होतें आणि त्यावर वाळलेल्या तळ्याच्या मातीसारख्या भेगा पडतात. सळईच्या ब्रेकच्या सायकलीवर एक गोष्ट आवर्जून पाहावी. अशा सायकलीचा ब्रेकचा दांडा हँडलच्या खालून जातो आणि मुठीसह बोटांच्या कवेंत घेऊन वर ओढावा लागतो. जाड, गुबगुबीत मूठ तेथें बसविली, तर लहान हाताला ब्रेक नीट आवळतां येत नाहीं. म्हणून अशा सायकलीवर जाड मूठ दिसली, तर ती सायकल करणारानें बसविली असण्यापेक्षां वापरणारानें मागाहून चढविली असण्याचा संभव अधिक.

१९४२ च्या फेब्रुवारींत सिंगापूर पडलें, मलायाचें रबर दोस्त राष्ट्रांच्या हातून गेलें, आणि रबराच्या लहानसहान वस्तूही दुर्मिळ झाल्या. त्या काळांतील विलायती सायकलींवर चकाकणारा मुलामा जाऊन हँडलसुद्धां काळ्या रंगानें रंगविलेलें असे. अशा सायकलीवर झगमगीत क्रोमचें हँडल आणि रंगीत मुठी दिसल्या, तर त्या तिच्या जन्माबरोबरच्या नव्हेत, असा तर्क करण्यास हरकत नाहीं.

युद्धानंतर मुठींच्या जगांत मोठी क्रांति झाली, आणि ती ओळखणें सर्वांत सोपें आहे. अमेरिकेंत गुडरिच कंपनींतील वाल्डो सेमन यानें १९२६ सालीं पीव्हीसी हें प्लॅस्टिक मऊ करण्याची रीत शोधली. पण सायकलीच्या मुठींवर त्याचा अंमल बसला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. पीव्हीसीची मूठ तडकत नाहीं, पेट घेत नाहीं, हव्या त्या रंगांत येते. पांढरी, लाल, हिरवी, अर्धपारदर्शक, चमकीचे कण घातलेली, टोंकाला रंगीत पट्ट्यांचा झुपका लोंबणारी, असे सारे थाट या द्रव्याचे. तिचा दोष निराळा. तिला मऊ ठेवणारें तेलकट द्रव्य वर्षांनुवर्षें पृष्ठभागावर झिरपत राहतें, आणि मूठ हाताला चिकटूं लागते. धूळ बसून ती काळपट दिसते, आणि कित्येक जण तो काळपटपणा म्हणजेच प्राचीनता, असें समजतात. १९३५ ची म्हणून सांगितलेल्या सायकलीची मूठ हाताला चिकटत असेल, तर ती मूठ युद्धानंतरची आहे, हें सांगावयास तज्ज्ञ लागत नाहीं.

या बदलाच्या सुमारासच भारतीय सायकलींचा उदय झाला. मुंबईंत वरळी येथें १९३९ च्या सुमारास हिंद सायकल्सचा कारखाना निघाला. मद्रासजवळ अंबत्तूर येथें टी. आय. सायकल्स, सोनीपत येथें ॲटलास आणि असनसोल येथें सेन-रॅले, हे तिन्ही १९५० च्या आसपास उभे राहिले. लुधियान्याचा हीरो १९५६ सालचा. आयातीवर निर्बंध वाढत गेले, तसतशी विलायती मूठ झिजल्यावर तिच्या जागीं देशी मूठ येऊं लागली. त्यामुळें आपल्याकडे अगदीं सामान्य दृश्य म्हणजे विलायती सांगाडा आणि देशी मूठ. यांत फसवणूक नाहीं; ती सायकल तेवढीं वर्षें खरोखर चालविली गेली, याचाच तो दाखला आहे.

शर्यतीच्या सायकलींना मात्र हा सारा विचार लागू नाहीं. मुंबईहून पुण्याकडे बोरघाट चढून जाणाऱ्या शर्यतींतील स्वार ज्या खालीं वळलेल्या हँडलावर वाकून बसत, त्यावर मूठ नसे. सुती फीत गुंडाळलेली असे. अशा हँडलावर मूठ चढविलेली दिसली, तर तो घरगुती शहाणपणा समजावा.

आतां परीक्षेची रीत. पहिला नियम असा, कीं पाहून होईपर्यंत मूठ काढूं नये. काढण्यापूर्वीं दोन्ही मुठींचीं छायाचित्रें घ्यावीं. मोजपट्टी शेजारीं ठेवून घेतल्यास उत्तम. उजवी आणि डावी एकच आहे ना, हें पाहावें. पुष्कळ सायकलींवर दोन मुठी दोन निरनिराळ्या दशकांतील असतात, कारण सायकल पडते ती एका अंगावर. मग टोंकाकडील अक्षरें वाचावीं. मळ पुसावयास ओलसर फडकें पुरे. स्पिरिट लावूं नये, तें सेल्युलॉइडला खातें. अक्षरें झिजलीं असतील, तर कडेनें तिरपा दिवा धरावा. सरळ उजेडांत न दिसणारा उठाव तिरप्या उजेडांत सावली पाडतो.

'मेड इन इंग्लंड' एवढ्यावरून काळ कळत नाहीं, केवळ देश कळतो. परंतु 'वेस्ट जर्मनी' असा शब्द असेल, तर मूठ १९४९ पूर्वींची असूंच शकत नाहीं, कारण त्यापूर्वीं तो देशच नव्हता. ब्रिटिश पेटंटचा क्रमांक असेल, तर अधिक उपयोग होतो. तेथें १९१६ पासून क्रमांकांची नवी अखंड माला सुरू झाली, ती एक लाखापासून. चार लाखांचा टप्पा १९३३ च्या सुमारास ओलांडला गेला, पांच लाखांचा १९३९ च्या सुमारास. अर्थात् हा क्रमांक मूठ या सालापूर्वींची नाहीं एवढेंच सांगतो. पुढें किती वर्षें तोच सांचा चालला, हें तो सांगत नाहीं. हा भेद विसरल्यामुळें कित्येक चुकीचीं वर्षें ठरविलीं जातात.

यानंतर मूठ काढावयाची. बोथट विणकामाची सुई मुठीच्या कडेखालून सरकवावी, साबणाचें पाणी सोडावें, आणि मूठ ओढण्याऐवजीं हळूहळू फिरवावी. सेल्युलॉइड गरम पाण्यानें किंचित् नरम होतें. गरम पाण्यांत भिजवून पिळलेलें फडकें भोंवतीं गुंडाळल्यास काम होतें. ज्योत मात्र जवळ नको. तडकलेली मूठ हलेनाशी झाली, तर तिला तशीच राहूं द्यावी. दांडा पाहण्याच्या उत्सुकतेपायीं मूठ फोडणें शहाणपणाचें नाहीं.

मूठ निघालीच, तर खालचा दांडा वाचावा. विलायती सायकलीच्या हँडलच्या नळीची जाडी बहुधा सात अष्टमांश इंच, म्हणजे सुमारें २२.२ मिलिमीटर असते. मुठीचें भोंक याहून निराळें असून आंत कागद किंवा चिंधी भरलेली असेल, तर ती मूठ दुसऱ्या कुठल्या सायकलीची. त्याहून महत्त्वाची खूण म्हणजे मुलाम्यावरील रेघ. पहिली मूठ जेथपर्यंत पोहोंचत होती, तेथें वर्षांनुवर्षें घाम, धूळ आणि पाणी अडून एक कडा उमटते. रेघेच्या आंतला आणि बाहेरचा मुलामा निराळा दिसतो. आजची मूठ त्या रेघेच्या अलीकडेच संपत असेल, तर तिच्यापूर्वीं अधिक लांब मूठ होती, हें उघड आहे. कधीं कधीं दोन रेघा सांपडतात. एका सायकलीच्या मुठींच्या दोन पिढ्या अशा दांड्यावर नोंदविलेल्या असतात, आणि ही नोंद कोणीं बनावट केलेली नसते. म्हणूनच नवा मुलामा चढविण्यासाठीं हँडल देण्यापूर्वीं या रेघेचें माप लिहून ठेवावें. मुलामा करणारा ती दोन मिनिटांत घासून नाहींशी करतो.

घरांत जुनीं छायाचित्रें असतील, तर तीं जरूर पाहावीं. सायकल हातांत धरून काढलेला तरुणपणींचा फोटो पुष्कळ घरीं असतो. त्यांत मुठीची लांबी, टोंकाचा फुगीरपणा, कड्याची चकाकी इतकें तरी दिसतें. रंगाच्या बाबतींत मात्र सावध राहावें. जुन्या काचा व फिल्म लाल रंगाला आंधळ्या असत. त्यांवर लाल वस्तु काळी उमटे. सर्व रंग टिपणारी फिल्म सर्वत्र रूढ झाली ती १९३० नंतरच्या काळांत. तेव्हां फोटोंत काळी दिसते म्हणून मूठ काळीच होती, असें शपथेवर सांगतां येत नाहीं. नगरपालिकेच्या सायकल-कराचा सालवार पितळी बिल्ला जपलेला असेल, तर त्या वर्षीं सायकल वापरांत होती एवढें कळतें. मागच्या चाकाला स्टर्मी-आर्चरचा तीन गतींचा हब असेल, तर त्याच्या कवचीवर पुष्कळदां सालाचे आंकडे ठोकलेले असतात. पण हबही बदलला जातो, म्हणून त्याचीही साक्ष एकट्याची धरूं नये.

हल्लीं जुन्या सायकलींना शौकीन मिळूं लागले आहेत. पुण्यांत कर्वेनगर येथें विक्रम पेंडसे यांनीं २०१७ सालीं सायकलींचें संग्रहालय उघडलें, आणि एकेकाळच्या सायकलींच्या शहरांत जुनी सायकल ही पाहावयास जाण्याची वस्तु झाली. जेथें शौकीन येतात तेथें नकलाही येतात. जुन्या घाटाच्या नव्या मुठी करणें हें कांहीं पाप नव्हे. चालविण्याच्या सायकलीला त्या हव्यातच. पाप आहे तें नवीला जुनी म्हणण्यांत. नव्या मुठीच्या टोंकाच्या मध्यावर, जेथून वितळलेलें प्लॅस्टिक सांच्यांत सोडलें, तेथें बहुधा बारीक गोल ठिपका राहतो. चहाच्या पाण्यानें किंवा बुटाच्या पॉलिशनें आणलेला पिवळेपणा सर्वत्र सारखा असतो; खरा पिवळेपणा उन्हाच्या बाजूस अधिक आणि तळहाताखालीं निराळा. झिजही पाहावी. वर्षांनुवर्षें धरलेली मूठ अंगठ्याच्या मुळाशीं झिजते. सँडपेपरानें घासलेली मूठ सगळीकडून झिजते.

मग योग्य मूठ कोणती? येथें शौकिनांचें आणि घरच्यांचें मत जुळत नाहीं. शौकिनाला कारखान्यांतून निघतांना होती तीच मूठ हवी. ती न मिळाल्यास त्याच काळची, त्याच द्रव्याची. प्रदर्शनांतील सायकलीसाठीं हा आग्रह ठीक आहे. परंतु जी सायकल एका माणसानें तीस वर्षें स्टेशनावर पाळीला नेली, तिच्यावर त्यानें स्वतः पैसे मोजून बसविलेली मूठ ही जन्मापासूनची नसली तरी परकी म्हणतां येत नाहीं. कारखान्यांतून निघतांनाच्या रूपापायीं ती काढून टाकणें म्हणजे एका चुकीच्या जागीं दुसरी, अधिक महागडी चूक करणें होय.

तुंगार्लीच्या त्या सायकलीकडे परत यावें. समजा, तिचें हँडल क्रोमियमचें आहे. म्हणजे तें १९३० च्या सुमारापूर्वींचें नाहीं. मूठ घासल्यावर कापराचा वास येतो. म्हणजे ती सेल्युलॉइडची, आणि पीव्हीसीचा अंमल बसण्यापूर्वींची असण्याचा संभव मोठा. टोंकाला चार लाखांच्या पुढचा पेटंटचा क्रमांक वाचतां येतो. म्हणजे १९३३ च्या सुमाराच्या पूर्वींची नाहीं. दांड्यावरची रेघ मुठीच्या बाहेर अर्धा इंच आहे; म्हणजे ही दुसरी जोडी. आजोबांच्या फोटोंत मूठ लांब आणि काळी दिसते. तीच पहिली असावी. एवढा इतिहास त्या दोन तडकलेल्या तुकड्यांतून निघाला, आणि तोही दुकानांत जाण्यापूर्वीं, घरच्या पडवींत बसून.

आतां सायकल चालवावयाची असेल, तर दांड्यावर लांब, काळी, सडपातळ अशी नवी मूठ खुशाल बसवावी, आणि तिच्या आंतल्या बाजूस बसविल्याचें साल कोरून ठेवावें, म्हणजे पुढच्या पिढीची फसगत होणार नाहीं. जुन्या दोन मुठी कागदांत सैल गुंडाळून उघड्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत, चुलीपासून व देवघराच्या दिव्यापासून दूर, वारा लागेल अशा फळीवर ठेवाव्या. पत्र्याची पेटी नको, प्लॅस्टिकची पिशवी नको, लोखंडी हत्यारांचा शेजार नको. सोबत चिठ्ठी असावी: कोणाची सायकल, मूठ केव्हां काढली, रेघेचें माप किती. पावसाळा संपून खंडेनवमीला हत्यारें पुसून पूजेला मांडतात, त्या दिवशीं खोकें उघडून एकदां हुंगावें. कापराचा वास असेल, तर मुठी पुन्हां गुंडाळून ठेवाव्या; आंबट वास येऊं लागला असेल, तर त्या त्याच दिवशीं खोक्यांतून काढून घराबाहेरच्या पडवींत, सावलींत, एकेकट्या ठेवाव्या.